कॉलर कुठेच दिसत नाही

माझ्या आत्याने आयुष्यात कोणाचंही ऐकलेलं नाही. दोनदाच ऐकलं, तेही माझं, आणि त्यात बाबांच्या नव्या शर्टाच्या दोन्ही बाह्या गेल्या.

त्या वेळी मी दिग्दर्शक होतो. एरवी मी एका कंपनीत नोकरी करतो. लोक तक्रार करायला फोन करतात, त्यांना 'आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं सांगून ताटकळत ठेवायचं एक खातं असतं, त्या खात्यात. पण घरात मला चित्रपटातलं कळतं असा एक समज आहे आणि तो मी स्वतः मेहनतीने पसरवलेला आहे. मी एक कार्यशाळा केली होती. शनिवारी कॅमेरा आणि रविवारी संकलन शिकवून त्यांनी आम्हाला कलावंत म्हणून समाजात सोडून दिलं. त्यानंतर बरेच दिवस मी समोर आलेल्या ताटाकडेही दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून बघत असे. आत्या म्हणायची, आधी जेव, मग बघ.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. घरात आम्ही तिघंच. आतल्या खोलीत तिचं शिवणाचं मशीन आहे. लोक येतात, दारातूनच कापड देतात, 'परवा मिळेल ना' एवढं विचारतात आणि जातात. तर गावातल्या एका शिवणकाम शिकवणाऱ्या संस्थेत शिक्षिकेची जागा निघाली आणि आत्याने कोणालाही न विचारता अर्ज ठोकला. तिच्याकडे प्रमाणपत्र नाही. संस्थेने कळवलं, प्रमाणपत्र नसेल तर तीन मिनिटांची फिल्म पाठवा, तीत तुम्ही कोणाला तरी एखादी गोष्ट शिकवताना दिसायला हव्यात. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत.

"कॉलर लावायला शिकवते," आत्या म्हणाली. "कॉलरला भले भले घाबरतात." मग मशीनवरचं कापड उगाचच सारखं करत म्हणाली, "मला एक वर्ग हवाय रे. इतकी वर्षं माझं बोलणं हे मशीन ऐकतंय. तेही मधेच अडकतं."

आत्या असलं काही बोलत नाही. 'डब्यात बिस्किटं आहेत' हेसुद्धा ती दम दिल्यासारखं सांगते. त्यामुळे मला काही तरी झालं आणि मी म्हणालो, मी करून देतो फिल्म. खरं म्हणजे फोन समोर ठेवून बटण दाबलं असतं तर दुपारपर्यंत काम आटोपलं असतं. पण मग त्या रविवारच्या संकलनाचं काय लोणचं घालायचं होतं?

मी रीतसर योजना आखली. कोणता शॉट कधी, कुठे, त्यात कोण, असा एक तक्ता केला आणि आमच्या दारावर बाहेरच्या बाजूने चिकटवला. आतल्या बाजूने चिकटवला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं, पण मग जिन्यातून जाणाऱ्यांना कळलं कसं असतं की या घरात दिग्दर्शक राहतो?

आत्या कोणाला तरी शिकवताना दिसायला हवी होती, म्हणून विद्यार्थिनीच्या भूमिकेसाठी शेजारच्या काकूंना विचारलं. काकू आनंदाने तयार झाल्या. कॅमेरा बाबांकडे दिला. कॅमेरा म्हणजे माझाच फोन, तिकाटण्यावर बसवलेला. बाबांचं काम फक्त एक बटण दाबण्याचं होतं. एकदा दाबलं की लाल दिवा लागतो आणि चित्रण सुरू होतं, पुन्हा दाबलं की बंद. बाबांनी आयुष्यभर हिशेब खात्यात काम केलंय, ते सांगितल्याबाहेर काही करत नाहीत. या गुणाने आमचा घात होईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

मी दोन दिवसांची सुट्टी घेतली. गुरुवारी सकाळी दाराची बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरचे मास्तर उभे. मास्तरांनी शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्तीनंतर इमारतीत इतर सगळं शिकवतात. आज ते कडक इस्त्रीच्या कपड्यांत होते, केस चापून बसवलेले, अंगाला पावडरचा वास.

"माझा शॉट किती वाजता आहे?" त्यांनी विचारलं.

मी विचारलं, कसला शॉट? त्यांनी दारावरच्या तक्त्याकडे बोट केलं. तक्त्यात मी लिहिलं होतं, 'मास्टर शॉट: खोली आणि सर्व मंडळी एकत्र दिसतील.' त्यातला 'मास्टर' लाल पेनाने खोडून वर नीट 'मास्तर' केलेलं होतं. क्लोज-अपमधला जोडशब्दाचा दांडाही त्यांनी जाता जाता दुरुस्त केला होता.

मी त्यांना समजावून सांगितलं की मास्टर शॉट म्हणजे ज्यात पूर्ण प्रसंग एका दमात लांबून घेतात तो शॉट, त्याचा मास्तरांशी संबंध नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पूर्ण प्रसंग एका दमात लांबून बघणं हेच आपण पस्तीस वर्षं वर्गात करत होतो, तेव्हा तुझी निवड योग्यच आहे, असं म्हणाले आणि आत येऊन बसले. त्यांना उठवणं माझ्या वयाला शोभलं नसतं.

काकू आल्या त्या हातात तवा... नाही, नीट सांगतो, हातात त्यांचा नवा कोरा नॉनस्टिक पॅन घेऊन आल्या. तक्त्यात लिहिलंच होतं, 'पॅन: डावीकडून उजवीकडे, सावकाश.' काकूंनी घरी सरावही केला होता. त्यांनी तो पॅन आमच्या कपाटापासून खिडकीपर्यंत इतक्या सावकाश आणि इतक्या गंभीर चेहऱ्याने नेऊन दाखवला की 'काकू, पॅन म्हणजे कॅमेरा आडवा फिरवणं' हे वाक्य माझ्या घशातच राहिलं. बाबा म्हणाले, छान जमलं.

मग पहिला टेक. आत्या मशीनपाशी, बाबांच्या नव्या शर्टाचं अर्धंमुर्धं शिवलेलं धूड तिच्या हातात, काकू समोर स्टुलावर. शर्टाची जादा शिलाई कापायला तिने कात्री उचलली होती. मी 'सुरू' म्हणालो. आत्या बोलायला लागली आणि छानच बोलत होती, पण मास्तर मधेच 'कॉलर म्हणजे तत्त्वतः एक वर्तुळखंड' असं म्हणाले, म्हणून मी जोरात ओरडलो, "कट!"

आत्याने कापलं.

कचकन. विचार नाही, आचार नाही. इतकी वर्षं कात्री चालवणाऱ्या बाईच्या कानात तो शब्द शिरला आणि हातातून बाहेर पडला. डावी बाही खांद्यापासून सुटून काकूंच्या पॅनमध्ये पडली.

मी म्हणालो, आत्या, कट म्हणजे थांबायचं असतं. ती म्हणाली, "मग थांब म्हण. मी शिंपीण आहे. मला कट म्हणालास, मी कट केलं." बाबांनी पॅनमधली बाही उचलली, तिची घडी घातली आणि खिशात ठेवली. ते पाहून मला जरा भरून आलं. पण दिग्दर्शकाने अशा वेळी पुढे जायचं असतं, असं शनिवारी सांगितलं होतं.

दुसऱ्या टेकला मी पुन्हा कट म्हणालो. सवयीचा भाग आहे. उजवी बाहीही गेली. निदान दोन्ही बाजू सारख्या झाल्या, असं मास्तर म्हणाले.

आता 'कट' हा शब्द बंद करून त्याऐवजी 'थांबा' म्हणायचं असं ठरवत होतो, तेवढ्यात पुन्हा बेल वाजली. इमारतीचे सेक्रेटरी. त्यांच्या हातात आमच्या दारावरचा तक्ता होता, टोकांना चिकटपट्टीसकट.

"हा काय प्रकार आहे?" त्यांनी विचारलं आणि वाचून दाखवलं, "'कट पहिला, आत्याच्या खोलीत. कट दुसरा, तिथेच, सर्व मंडळींच्या उपस्थितीत.' आणि वर मास्तरांचं नाव."

इथे थोडं सांगायला हवं, की मागच्या निवडणुकीत सेक्रेटरीपदासाठी मास्तर उभे होते आणि थोडक्यात पडले होते. तेव्हापासून सेक्रेटरी जिन्यात दोन माणसं बोलताना दिसली तरी एक पायरी वर थांबून ऐकतात. त्यात त्यांना दाराबाहेर लावलेला, वेळापत्रकासह, सह्यांना जागा सोडलेला कटाचा तक्ता मिळाला. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही वाटलं असतं की विरोधक फारच माजलेत.

मी त्यांना संकलनातला कट समजावून सांगितला. एक शॉट तोडून दुसरा जोडतात, त्या जोडाला कट म्हणतात. सेक्रेटरी म्हणाले, तोडून जोडतात हेच तर मी म्हणतोय. मग जम्प कट म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मधला भाग काढून टाकला की माणूस एका जागेवरून एकदम दुसऱ्या जागेवर गेल्यासारखा दिसतो. हे ऐकून त्यांनी मास्तरांकडे आणि मग स्वतःच्या खुर्चीच्या दिशेने, म्हणजे खाली ऑफिस आहे त्या दिशेने पाहिलं.

शेवटी त्यांनी चित्रीकरण थांबवलं. इमारतीत चित्रीकरणाला परवानगी लागते. मी म्हणालो, आमच्या घरात आहे. ते म्हणाले, घर इमारतीत आहे. मी खाली जाऊन अर्ज लिहिला. त्यात 'दिग्दर्शकाचा अनुभव' असा मुद्दाही त्यांनी घालायला लावला. मी लिहिलं, दोन. त्यांनी विचारलं, वर्षं? मी म्हणालो, दिवस. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. ताटकळत ठेवण्याच्या धंद्यात असूनही मला ते जड गेलं. मग त्यांनी परवानगी दिली, पण दोन अटींवर. इमारतीत 'कट' हा शब्द उच्चारायचा नाही आणि संपूर्ण चित्रण त्यांच्या समक्ष व्हायला हवं. म्हणजे तेही आत येऊन बसले, मास्तरांच्या शेजारी, मधे काकूंचा पॅन ठेवून.

आता खोलीत इतकी माणसं झाली होती की आत्या सोडून सगळे नीट दिसत होते.

मी त्यावरही उपाय काढला. म्हटलं, ट्रॉली शॉट घेऊ. कॅमेरा दारातून सरकत सरकत आत्याच्या हातांपर्यंत जाईल आणि तिथे क्लोज-अप. बाबांच्या लिहायच्या टेबलाच्या चाकवाल्या खुर्चीवर मी फोन घेऊन बसलो. ढकलायचं काम मास्तरांनी मागून घेतलं, कारण गती हा त्यांचा विषय होता. त्यांनी गती बरोबर दिली असावी. पण उंबऱ्याचा हिशेब धरला नव्हता. खुर्ची उंबऱ्याशी थांबली, मी थांबलो नाही. त्या शॉटमध्ये छत आहे, पंखा आहे, मग काकूंचा चेहरा फार जवळून आहे, आणि मग अंधार आहे. तो अंधार म्हणजे कापडांचा गठ्ठा. फोन वाचला. माझ्या प्रतिष्ठेबद्दल कोणी विचारलं नाही. सेक्रेटरींनी उंबऱ्याला काही झालं नाही ना, ते वाकून पाहिलं.

त्यानंतर मी साधेपणाने काम करायचं ठरवलं. फोन तिकाटण्यावर, बाबा बटणाशी, आणि मी म्हणणार फक्त 'सुरू' आणि 'थांबा'. आणि काय सांगू, दुपारभर सगळं सुरळीत झालं. आत्याला सूर सापडला होता. काकूंचा हात धरून तिने कॉलरची पट्टी कशी उलटी ठेवायची, टोकाशी कसं वळायचं, सगळं दाखवलं. प्रत्येक वेळी ती टोकाशी आली की म्हणायची, "इथे थांबा. सुई कापडातच राहू दे. आता फिरवा." तिसऱ्या वेळी काकूंनी स्वतः कॉलर लावली आणि त्या इतक्या हरखल्या की उठून आत्याच्या गळ्यातच पडल्या. आत्याने त्यांना बाजूला केलं, पण सावकाश केलं. मी मनात म्हटलं, नोकरी पक्की. बिनबाह्यांचा तो शर्ट बाबांनी अंगात घालून पाहिला. कॉलर अप्रतिम बसली होती.

शुक्रवारी सकाळी मी संकलनाला बसलो, आणि पहिल्या दहा मिनिटांतच सगळे शॉट पुन्हा पहिल्यापासून लावून पाहिले.

कॉलर कुठेच नव्हती.

प्रत्येक शॉटमध्ये आत्या मशीनपाशी बसते, कापड हातात घेते, बोलायला लागते, टोकाशी येते, 'इथे थांबा' म्हणते, आणि चित्र संपतं. पुढचं चित्र सुरू होतं ते थेट चहाच्या सुट्टीत.

बाबांना हाक मारली. त्यांनी सरळ सांगितलं, थांबा ऐकलं की मी बटण दाबत होतो. मी म्हणालो, अहो, पण ते आत्या म्हणत होती, काकूंना. बाबा म्हणाले, "मग? या घरात तिने थांबा म्हटल्यावर मी थांबायचं नाही? लहानपणापासून थांबतोय."

म्हणजे आत्याच्या 'थांबा'ला चित्रण बंद पडायचं. मग ती शिकवायची. मग मी 'थांबा' म्हणायचो, तेव्हा बाबा पुन्हा बटण दाबायचे आणि बंद पडलेलं चित्रण सुरू व्हायचं. पुढच्या वेळी मी 'सुरू' म्हटलं की लाल दिवा आधीच लागलेला बघून ते बटणाला हात लावायचे नाहीत. गुरुवारच्या दुपारी शिकवण्याचा जेवढा म्हणून वेळ होता तेवढा सोडून बाकी सगळा वेळ बाबांनी चोख टिपला होता.

पुन्हा चित्रण करणं शक्य नव्हतं. काकू सकाळीच बहिणीकडे गेल्या होत्या, पॅन दाखवायला. आणि आत्या मधून मधून दारात येऊन विचारत होती, "झालं का? कशी दिसते मी?" मी म्हणत होतो, छान.

हाताशी काय होतं ते मी पाहिलं. आत्या होती, भरपूर होती, आणि प्रत्येक सुट्टीत कोणाला तरी झापत होती. एकदा फोनवर कोणाला तरी, 'परवा म्हणजे परवाच मिळेल, उभं राहून शिवू का' असं. एकदा बाबांना, पाठ सरळ ठेवून बसायला. एकदा खिडकीतल्या कबुतराला, 'पुन्हा आलास तर याद राख.' दुसरीकडे चेहरे होते. मास्तर एका शॉटमध्ये मान खाली घालून, डोळे मिटून, अत्यंत पश्चात्तापदग्ध बसले होते. त्या वेळी त्यांच्या पायात गोळा आला होता. सेक्रेटरी ताठ बसून 'हो, हो, चुकलं, लगेच करतो' असं म्हणत होते. त्यांच्या मांडीवरचा फोन चौकटीबाहेर होता आणि फोनवर त्यांची पत्नी होती. काकू हात जोडून भक्तिभावाने वर बघत होत्या. त्यांना शिंक येता येता राहिली होती.

कार्यशाळेत रविवारी आम्हाला एक गोष्ट शिकवली होती. एका माणसाचा कोराच चेहरा घ्या. त्याच्याआधी भाकरीचा शॉट जोडा, तो भुकेला दिसतो. पाळण्याचा जोडा, मायाळू दिसतो. चेहरा तोच, आधी काय दाखवलं त्यावर लोक अर्थ लावतात. याला रिॲक्शन शॉटची गंमत म्हणतात. तेव्हा मी म्हणालो होतो, ही फसवणूक झाली. शिकवणारे म्हणाले, आम्ही तिला संकलन म्हणतो.

मी जोडायला घेतलं. आत्या मशीनपाशी बसून 'कॉलरला घाबरायचं नाही' म्हणते. 'इथे थांबा.' काकू भक्तिभावाने वर बघतात. आत्या कबुतराकडे बघून 'पुन्हा आलास तर याद राख' म्हणते, कबूतर मी काढून टाकलं, आणि मास्तरांची मान खाली. आत्या 'पाठ सरळ' म्हणते, सेक्रेटरी ताठ. 'परवा म्हणजे परवाच.' सेक्रेटरी, 'हो, चुकलं, लगेच करतो.' मधे काकू सुट्टीत पुन्हा एकदा पॅन घेऊन डावीकडून उजवीकडे जातात. तो भाग काढता आला असता, पण त्यांनी सराव केला होता. शेवटी बाबा, बिनबाह्यांच्या शर्टात, ताठ कॉलर, डोळ्यांत किंचित पाणी. ते बाहीसाठी होतं, पण लोकांना काय माहीत.

तीन मिनिटं बरोबर भरली. कॉलर लावताना कोणीच दिसत नव्हतं. बघणाऱ्याला वाटावं, एक बाई आहे, तिच्यासमोर मोठमोठी माणसं विद्यार्थी म्हणून बसलीत आणि चळचळा कापताहेत. मी ती पाठवली आणि आत्याला दाखवली. म्हटलं, आता ती मला मशीनखाली घालणार.

आत्याने ती दोनदा पाहिली. मग म्हणाली, "मास्तर कसे गप्प बसले बघ माझ्यापुढे."

मी म्हणालो, आत्या, त्यांच्या पायात गोळा आला होता. तू तिथेच होतीस. तूच तर तेल आणून दिलंस. ती म्हणाली, गोळा नंतर आला.

सोमवारी संध्याकाळी संस्थेच्या प्रमुख बाईंचा फोन आला. आत्याने स्पीकर लावला. बाई म्हणाल्या, फिल्म आमच्या समितीने पाहिली. शर्टाला पहिल्यांदा बाह्या होत्या, मग एक होती, मग नव्हती, मग पुन्हा दोन्ही आल्या, हे काय ते समजलं नाही. पॅन कशासाठी तेही समजलं नाही. कॉलर तर कुठेच दिसत नाही. मी विचारलं, आणि संकलन? बाई म्हणाल्या, फोन खराब होता का तुमचा?

मग त्या म्हणाल्या, "पण खरं सांगू का, कॉलर शिकवणाऱ्या पुष्कळ मिळतात. आमच्या दुपारच्या वर्गातल्या मुली कोणाला जुमानत नाहीत. आधीच्या दोघी जणी सोडून गेल्या, दुसऱ्या तर चष्मा न घेताच गेल्या. आणि तुम्ही त्या एवढ्या वयस्कर गृहस्थांना मान खाली घालायला लावलीत. उद्यापासून महिनाभर येऊन बघता का? जमलं तर कायम."

आत्याने हो म्हटलं. फोन ठेवून ती आत गेली आणि तिने मशीनवर कापड झाकलं.

माझी मात्र झोप उडाली. बाबा म्हणाले, चांगलं झालं की. पण बाबांना संकलन कळत नव्हतं. तिला वर्ग मिळाला होता तो मास्तरांच्या पायातल्या गोळ्यामुळे. तिथल्या मुलींच्या पायात गोळे थोडेच येणार होते?

दुसऱ्या दिवशी ऑफिसात अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून मी तिला पोचवायला गेलो. तिने नवीन पर्स घेतली होती आणि ती छातीशी धरून चालत होती. मी रस्त्यात म्हणालो, आत्या, एक सांगू का? त्या फिल्ममध्ये दिसतं तसं प्रत्यक्षात नव्हतं. ते मी जोडलेलं होतं. ती म्हणाली, "माहीत आहे मला. कबूतर आठवतंय." मग दोन-चार पावलं गेल्यावर म्हणाली, "पण मास्तरांना तसं बसलेलं बघितलं ना, की जमेल असं वाटतं. म्हणून रोज बघते सकाळी."

मी तिची पर्स धरायला मागितली. तिने दिली नाही.

वर्ग पहिल्या मजल्यावर, पॅसेजच्या टोकाला होता. लांबूनच कल्लोळ ऐकू येत होता. कोणी तरी बाक बडवत होतं, कोणी गात होतं, मशीनची चाकं नुसतीच गरागरा फिरवली जात होती. दाराबाहेर स्टुलावर एक शिपाई बसला होता, पाय पसरून, वरची दोन बटणं उघडी, हातात वर्तमानपत्र. त्याने आत्याकडे पाहिलं, पर्सकडे पाहिलं आणि पाय थोडे आत घेतले.

आत्याने दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि ती माझ्याकडे वळली. म्हणाली, तू जा आता. तिचा आवाज नेहमीचा नव्हता. मी म्हणालो, जातो. ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. मी गेलो नाही.

"दार लावलं?" शिपाई मला म्हणाला. "आधीच्या बाई उघडं ठेवायच्या. बाहेर यायला बरं पडतं."

आतला कल्लोळ वाढला. एक जण काही तरी बोलली आणि सगळ्या खदखदून हसल्या. मी दाराकडे एक पाऊल टाकलं. मग आत्या काही तरी बोलली. ओरडली नाही. शब्दही कळले नाहीत, पण ती ज्या आवाजात घरी डब्यात बिस्किटं आहेत म्हणून सांगते, तो आवाज होता. पुन्हा कोणी तरी हसलं, पण एकटंच, आणि मधेच तुटलं. बाक बडवणं बंद झालं. चाकांचा आवाज एकेक करत विरत गेला. मग आतून काहीच ऐकू येईना.

शिपायाने वर्तमानपत्र खाली ठेवलं. तो उठून दाराच्या काचेशी गेला आणि डोळ्यांवर हात धरून आत पाहत राहिला.

मी विचारलं, काय झालं?

"काही नाही," तो हळूच म्हणाला. "बसल्यात सगळ्या." आणि आत बघता बघताच त्याने शर्टाची वरची दोन्ही बटणं लावून टाकली.